अठरा, एकवीस आणि त्यानंतर
(दिव्यांग मुलांच्या स्वावलंबनाची आणि नोकरीची तयारी)

ज्या घरात विशेष मूल आहे, त्या घरी गप्पा कुठूनही सुरू झाल्या तरी शेवटी एका प्रश्नाशी येऊन थांबतात : "आमच्यानंतर याचे काय?" प्रश्न खरा आहे आणि तो विचारणाऱ्या आईवडिलांचा आवाज ऐकला की पुढे काय बोलावे ते सुचत नाही. पण या प्रश्नाचे उत्तर 'आमच्यानंतर' सापडणारे नाही. ते आमच्यादेखत, मूल दहा-बारा वर्षांचे असल्यापासून थोडे थोडे तयार करावे लागते. आपण परदेशात राहतो, म्हणून त्यात आणखी दोन-तीन गाठी आहेत आणि त्या वेळेवर सोडवल्या नाहीत तर घट्ट होत जातात.

मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. नावामागे डॉक्टर असले तरी ते औषध देणारे नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. मंडळाच्या कामात अशा काही कुटुंबांशी ओळख झाली. कोणते ऑफिस, कोणता अर्ज, कोणते वय, याची विचारपूस करता करता जी माहिती जमली, ती एकत्र मांडत आहे. 'मतिमंद', 'अपंग', 'विशेष', 'दिव्यांग' असे शब्द बदलत आले आहेत. या लेखात 'दिव्यांग' वापरला आहे, पण शब्दापेक्षा मुलाला त्याच्या नावाने हाक मारणे केव्हाही चांगले.

आधी पास पाहा, मग शाळा

सिंगापूरमधली आपली घरे तीन प्रकारची आहेत : नागरिक झालेली, पी. आर. असलेली आणि नोकरीच्या पासवर असलेली. पार्टीत एकाच टेबलावर बसताना हा फरक जाणवत नाही. दिव्यांग मुलाच्या बाबतीत मात्र पुढचे जवळजवळ सगळे यावरच ठरते.

नोकरीच्या पासवरच्या कुटुंबात मुलांना डिपेंडंट्स पास असतो आणि तो २१ वर्षांपर्यंतच मिळतो. इतर मुले तोवर विद्यापीठात गेलेली असतात, त्यांचा स्टुडंट्स पास असतो. दिव्यांग मुलाचे तसे नसेल तर? २१ वर्षांवरच्या अविवाहित दिव्यांग मुलांसाठी लाँग टर्म व्हिजिट पासची सोय आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. त्यासाठी आई किंवा वडील नोकरीच्या पासवर असावे लागतात आणि त्यांच्या पगाराची किमान अट पूर्ण व्हावी लागते. पण तो पास राहण्याचा आहे, नोकरी करण्याचा नाही. डिपेंडंट्स पासचेही आता तसेच झाले आहे. १ मे २०२१ पासून त्या पासवरच्या व्यक्तीला नोकरी करायची तर साधारणपणे स्वतःचा वेगळा वर्क पास लागतो. पॅकिंग करणाऱ्या, लायब्ररीत पुस्तके लावणाऱ्या किंवा हॉटेलात टॉवेल घडी करणाऱ्या मुलाला असा पास मिळणे जवळपास अशक्य आहे.

याचा अर्थ सरळ आहे. नोकरीच्या पासवर असलेल्या घराने मूल बारा-तेरा वर्षांचे होईतो 'आपण इथे राहणार की परत जाणार' यावर स्वस्थपणे बसून बोलले पाहिजे. पी. आर. मिळणे आपल्या हातात नाही, म्हणून दोन्ही वाटांची तयारी ठेवावी. पुढील वयांचा तक्ता फ्रिजवर लावून ठेवण्याजोगा आहे :

• १३ वर्षे : इथल्या स्पेशल एज्युकेशन शाळांत ('स्पेड' शाळा) मुलाच्या पुढच्या आयुष्याची योजना साधारण या वयापासून आखली जाते. शाळेबरोबर आईवडिलांनी बसायचे असते.
• साडेसोळा वर्षे : नागरिक आणि दुसऱ्या पिढीचे पी. आर. असलेल्या मुलग्यांना नॅशनल सर्व्हिससाठी नाव नोंदवावे लागते. मुलगा दिव्यांग असला तरी नोंदणी आपोआप टळत नाही. वैद्यकीय कागदपत्रे दिल्यावर सूट मिळू शकते. पत्र आले म्हणून घाबरू नये आणि ते बाजूलाही ठेवू नये.
• १८ वर्षे : बहुतेक स्पेड शाळा या वयाला संपतात, व्यवसायशिक्षणाचे प्रमाणपत्र देणाऱ्या काही शाळांत २१ पर्यंत राहता येते. भारतात याच वयाला मूल कायद्याने सज्ञान होते.
• २१ वर्षे : डिपेंडंट्स पास संपतो. सिंगापूरच्या कायद्यात आईवडिलांचा मुलाच्या वतीने सही करण्याचा अधिकारही इथे संपतो.

इथली शाळा आणि शाळेनंतर

सिंगापूरने सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००३ पासून अमलात आणला, पण विशेष गरजा असलेली मुले त्यात आली ती २०१९ पासून. तोही नागरिकांच्या मुलांसाठीच आहे. स्पेड शाळा वीसहून अधिक आहेत. त्या स्वयंसेवी संस्था चालवतात आणि शिक्षण खाते पैसा देते. नागरिकांना फी अगदी थोडी पडते, पासवरच्या कुटुंबांना ती कैकपट असते आणि जागाही आधी नागरिकांना मिळते. म्हणून आपल्यातली बरीच मुले आंतरराष्ट्रीय शाळांत असतात. तिथे वर्गात मदतनीस मिळतो, थेरपी मिळते, पण शाळा संपल्यावर पुढे काय याची योजना सहसा कोणी आखून देत नाही. ती आपली आपणच आखायची असते.

नागरिक आणि पी. आर. कुटुंबांसाठी मात्र इथे वाटा पुष्कळ आहेत. माइंड्स ही संस्था १९६२ पासून बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी काम करते. ए. पी. एस. एन. ची डेल्टा सीनियर स्कूल आणि मेट्टा स्कूल या शाळांत सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांना हॉटेलातले काम, स्वयंपाकघरातले काम, बागकाम अशा विषयांत प्रमाणपत्र मिळवता येते. ऑटिझम असून नेहमीचा अभ्यासक्रम झेपणाऱ्या मुलांसाठी २००४ साली पाथलाइट स्कूल निघाली. शाळेच्या शेवटच्या वर्षात प्रत्यक्ष कामाच्या जागी नेऊन शिकवणारा 'स्कूल टू वर्क' हा कार्यक्रम २०१४ साली पाच शाळांत सुरू झाला आणि नंतर वाढत गेला. यात मुलाबरोबर जॉब कोच असतो. आधी तो काम स्वतः शिकतो, मग मुलाला शिकवतो आणि हळूहळू बाजूला होतो. मुलाला आणि मालकाला दोघांनाही धीर देणारा हा माणूस फार महत्त्वाचा.

२०१३ साली सरकारने एस. जी. एनेबल ही संस्था काढली. नोकरी, प्रशिक्षण, उपकरणांसाठी अनुदान, सवलतींची कार्डे अशा गोष्टींची चौकशी एका ठिकाणी व्हावी हा हेतू. रेडहिल एम. आर. टी. जवळ लेंगकोक बाहरू येथे २०१५ मध्ये 'एनेबलिंग व्हिलेज' उघडले. मुलांना घेऊन एकदा जरूर जावे. तिथल्या फेअरप्राइसमध्ये खरेदी करता येते आणि 'टेक एबल' या दालनात डोळ्यांनी, बोटांनी किंवा नुसत्या फुंकरीनेही कॉम्प्युटर चालवायची साधने हाताळून पाहता येतात. कागदावर दहा पाने वाचून जे समजत नाही ते तिथे अर्ध्या तासात समजते.

खुल्या बाजारातली नोकरी जमत नसेल तर शेल्टर्ड वर्कशॉप असतात, म्हणजे देखरेखीखाली पॅकिंग, शिवण, बेकरी अशी कामे. एस. पी. डी. (स्थापना १९६४) आणि बिझलिंक (१९९५) या संस्था अशी कामे आणि नोकरीसाठी मदत देतात. त्याहून जास्त आधार लागणाऱ्यांसाठी डे अॅक्टिव्हिटी सेंटर असतात. तिथे प्रतीक्षायादी असू शकते, म्हणून शाळा संपायच्या बऱ्याच आधी चौकशी करावी.

चित्र सगळेच गुलाबी नाही. सिंगापूरमध्ये काम करण्याच्या वयाच्या दिव्यांग व्यक्तींपैकी साधारण तिघांतल्या एकालाच नोकरी आहे. २०२२ साली सरकारने २०३० पर्यंत हे प्रमाण ४० टक्क्यांवर नेण्याचे ठरवले. मालकांना पगाराचा काही भाग परत देणारी योजना २०२१ पासून आहे. जानेवारी २०२५ मध्ये संसदेने कामाच्या ठिकाणी भेदभाव रोखणारा कायदा संमत केला आणि त्यात दिव्यांगत्वाचा स्पष्ट उल्लेख आहे. पण कायदा दार उघडून देईल. आत जाऊन टिकायची तयारी घरातच होते. म्हणून आता घराकडे वळू.

प्रयोगवहीची पद्धत

प्रयोगशाळेत नव्या मुलाला कोणी "जा, द्रावण बनव" असे सांगत नाही. भांडे कोणते, किती ग्रॅम, आधी पाणी की आधी आम्ल, कधी थांबायचे, हे सगळे पायरीपायरीने लिहिलेले असते. घरी मात्र आपण मुलाला "आंघोळ कर" म्हणतो आणि त्याला जमले नाही की स्वतः करून मोकळे होतो. 'आंघोळ कर' या दोन शब्दांत वीस पायऱ्या लपलेल्या असतात, हे आपल्या लक्षात येत नाही.

उदाहरण म्हणून इलेक्ट्रिक कुकरमध्ये भात लावणे घ्या :

१. तांदळाचा डबा काढणे.
२. कुकरचे आतले भांडे बाहेर काढणे.
३. दोन वाट्या तांदूळ मोजून भांड्यात घालणे.
४. दोनदा धुणे.
५. खुणेच्या रेघेपर्यंत पाणी घालणे.
६. भांड्याची बाहेरची बाजू फडक्याने पुसणे.
७. भांडे कुकरमध्ये नीट बसवणे.
८. झाकण लावणे.
९. बटण दाबणे.
१०. बटण वर येईपर्यंत हात न लावणे.

शिकवताना शेवटाकडून सुरुवात करून पाहा. पहिल्या आठवड्यात नऊ पायऱ्या आपण करायच्या आणि बटण मुलाने दाबायचे. भात झाला की तो 'त्याने केलेला' भात असतो आणि जेवताना तसे म्हणायचे. पुढच्या आठवड्यात झाकण आणि बटण त्याचे. असे मागे मागे येत पहिल्या पायरीपर्यंत पोचायचे. या पद्धतीत मुलाचा प्रत्येक प्रयत्न यशात संपतो, म्हणून त्याचा उत्साह टिकतो.

दुसरी गोष्ट मदतीची. मदतीच्या चढत्या चार पायऱ्या आहेत : नुसते थांबणे, शब्दाने सांगणे, बोटाने दाखवणे, हाताला हात लावून करून घेणे. आपण घाईत चौथीवर उडी मारतो. आधी थांबून पाहा. मनात पाचपर्यंत मोजा, काही मुलांसाठी दहापर्यंत. त्या पाच सेकंदांत मूल काहीच करत नाही असे दिसते, पण ते विचार करत असते आणि आपण मध्येच बोललो की त्याची साखळी तुटते. एका साध्या वहीत तारीख, पायरी आणि 'किती मदत लागली' एवढे लिहीत जा. दोन महिन्यांनी मागची पाने उलटली की जी प्रगती रोज दिसत नव्हती ती दिसते. प्रयोगवही आम्हीही याचसाठी लिहितो.

माझ्या विषयातली एक सूचना इथेच देते. जी मुले स्वतः घर साफ करायला शिकत आहेत, त्यांच्या घरात कोणतेही रसायन मूळ बाटलीतून काढून पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ठेवू नये. ब्लीच आणि टॉयलेट साफ करायचे आम्लयुक्त द्रव एकत्र झाले तर विषारी क्लोरीन वायू निघतो. दोन्ही घरात ठेवूच नयेत, एकाने काम भागते. वाचता न येणाऱ्या मुलासाठी बाटलीवर रंगीत पट्टी चिकटवा : हिरवी म्हणजे तुझी, लाल म्हणजे आईला विचारून.

सिंगापूरच्या घरांत आणखी एक अडचण असते आणि ती सोयीच्या रूपात येते. ती म्हणजे हेल्पर. हेल्पर ताट वाढते, पाणी देते, बुटाची लेस बांधते, बॅग उचलते. ती मायेने करते, पण मुलाच्या हातून शिकण्याची संधी जाते. हेल्परला काढायची गरज नाही. तिला वही दाखवा आणि तिचे काम बदला. "तू त्याचे काम करू नकोस, त्याला करताना पाहा" हे तिला नीट समजावून सांगितले तर ती उत्तम शिक्षिका होते. हेच आजी-आजोबांना सांगणे मात्र अवघड! आजी तीन महिन्यांसाठी येते आणि नातवाला भरवते. तिला थांबवण्यापेक्षा नातवाकडून तिला चहा करून घ्यायला सांगा.

रस्ता, पैसा आणि 'नाही' म्हणणे

नोकरी करायची तर नोकरीपर्यंत एकट्याने जाता आले पाहिजे. याबाबतीत सिंगापूरसारखे गाव शोधून सापडणार नाही. एम. आर. टी. स्टेशनांत लिफ्ट आहेत, सार्वजनिक बसगाड्यांत व्हीलचेअर चढते. दिव्यांग नागरिकांसाठी आणि पी. आर. साठी सवलतीचे कार्डही आहे. प्रवास टप्प्याटप्प्याने शिकवावा. आधी शेजारी बसून, मग त्याच डब्यात लांब उभे राहून, मग पुढच्या स्टेशनवर वाट पाहत आणि शेवटी एकट्याने. प्रत्येक टप्पा महिनाभर चालला तरी चालेल. नेहमीचा प्रवास जमला की बिघडलेला प्रवास शिकवायचा : गाडी बंद पडली, उतरायचे स्टेशन चुकले, फोनची बॅटरी संपली. "जागेवर थांब, गणवेशातल्या माणसाला कार्ड दाखव" एवढे दोनच नियम पक्के करावेत. खिशातल्या कार्डावर नाव, दोन फोन नंबर आणि एक वाक्य इंग्रजीत असावे.

पैशाचे गणित आता अवघड झाले आहे, कारण पैसा डोळ्यांना दिसत नाही. कार्ड टेकवले की वस्तू मिळते, मग किती गेले ते मुलाला कळणार कसे? सुरुवात नोटांनीच करावी. आठवड्याचे ठराविक पैसे, हॉकर सेंटरवर स्वतः मागणी करणे, सुटे मोजून घेणे. मग थोडीच रक्कम भरलेले वेगळे कार्ड. ज्या मुलाला बोलता येत नाही त्याने चित्र दाखवून मागितले तरी तो त्याचाच व्यवहार आहे. मागे उभे राहून आपण बोलू नये.

आणखी एक विषय आपल्या घरांत टाळला जातो. आपण मुलांना मोठ्यांचे ऐकायला शिकवतो. दिव्यांग मुलाला तर "शहाणा आहे, सगळ्यांचे ऐकतो" अशी शाबासकी मिळते. पण जे मूल सगळ्यांचे ऐकते, ते वाईट माणसाचेही ऐकते. अंगाला कोणी हात लावायचा आणि कोणी नाही, दार बंद करून काय करायचे, पाळी आली की काय करायचे, अनोळखी माणसाने फोनवर ओटीपी मागितला तर काय म्हणायचे, हे साध्या शब्दांत आणि पुन्हा पुन्हा सांगावे लागते. 'नाही' म्हणता येणे हे स्वावलंबनातले फार मोठे कौशल्य आहे. त्याचा सराव घरातच होतो : हा शर्ट नको, ही भाजी नको, आज पाहुण्यांकडे यायचे नाही. प्रत्येक वेळी मनासारखे होणार नाही, पण निदान ऐकले गेले पाहिजे.

भाषेबद्दलही बोलले पाहिजे. पूर्वी अनेक पालकांना "घरी एकच भाषा बोला, इंग्रजीच बोला" असा सल्ला मिळत असे. डाउन सिंड्रोम आणि ऑटिझम असलेल्या मुलांवर आजवर झालेल्या अभ्यासांत दोन भाषांमुळे मुलाची वाढ मागे पडते असे आढळलेले नाही. ज्या मुलाला आजीशी, मामाशी, गावातल्या लोकांशी आयुष्यभर नाते ठेवायचे आहे, त्याची मराठी काढून घेतली तर आधाराची अर्धी माणसे काढून घेतल्यासारखे होते. नोकरीसाठी इंग्रजी लागेल, ती शिकवाच. मराठी मात्र घरातून जाऊ देऊ नका.

आपल्याकडची उदाहरणे

'चौकट राजा' (१९९१) मधला नंदू आपल्या सगळ्यांना आठवतो. त्या चित्रपटाने आपल्या पिढीला रडवले आणि माया शिकवली. पण 'यलो' (२०१४) पाहताना वेगळे काहीतरी वाटते, कारण तिथे गौरी गाडगीळ स्वतः पडद्यावर आहे. डाउन सिंड्रोम असलेली पुण्याची ही मुलगी २००७ साली शांघायच्या स्पेशल ऑलिंपिक्समध्ये पोहण्याचे पदक घेऊन आली. नंदूची कीव येते, गौरीचा अभिमान वाटतो. दोन चित्रपटांतला हा फरक म्हणजेच आपल्या विचारांत व्हायला हवा तो बदल आहे.

मुंबईतली जय वकील शाळा १९४४ साली सुरू झाली ती एका पारशी दांपत्याने आपल्या जय नावाच्या मुलीसाठी काढली म्हणून. १९७२ साली मिठू अलुर यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या मुलीसाठी मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी सुरू केली. ती मुलगी, मालिनी चिब, पुढे इंग्लंडमध्ये शिकली आणि तिने आपले आत्मचरित्र लिहिले. शाळा नव्हती म्हणून आईवडिलांनी शाळा काढली, हे दोन्हीकडे समान आहे.

नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. सोळाव्या वर्षी त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. स्वतः व्हीलचेअरवर असलेले बाबूकाका दिवाण भेटले आणि आयुष्याला दिशा मिळाली. नसीमाताईंनी सरकारी नोकरी केली आणि १९८४ साली सहकाऱ्यांबरोबर कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभारली. पुढे सिंधुदुर्गातल्या 'स्वप्ननगरी'त काजूप्रक्रियेचा उद्योग सुरू झाला आणि तिथे दिव्यांग माणसे कामगार आहेत. मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जखमी झाले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिक्समध्ये पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले. पदकानंतरही घर चालवायला नोकरी लागतेच. ती त्यांना पुण्यात टेल्कोत मिळाली. या दोन्ही गोष्टींत जिद्द तर आहेच, पण एक वाट दाखवणारा माणूस आणि एक दार उघडणारी नोकरीही आहे. जिद्द मुलाने आणावी; वाट आणि दार ही आपली, म्हणजे समाजाची जबाबदारी.

परत जायचे असेल तर

भारतात परतणाऱ्यांनी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा माहीत करून घ्यावा. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. त्यांत ऑटिझम, लर्निंग डिसॅबिलिटी, थॅलेसेमिया यांचाही समावेश आहे. सरकारी नोकऱ्यांतले आरक्षण ३ वरून ४ टक्के झाले. बहुतेक सवलतींसाठी दिव्यांगत्व किमान ४० टक्के असल्याचे भारतातले प्रमाणपत्र आणि यू. डी. आय. डी. कार्ड लागते. सिंगापूरच्या डॉक्टरांचे अहवाल तपासणीच्या वेळी उपयोगी पडतात, पण त्यांच्यावर काम भागत नाही. सगळ्या अहवालांच्या प्रती एका फाइलीत तारखेप्रमाणे लावून ठेवाव्यात. नेहमीची दहावी झेपत नसेल तर नॅशनल ओपन स्कूलची वाट आहे. तिथे विषय निवडता येतात आणि परीक्षा टप्प्याटप्प्याने देता येते.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक आणि बहुविध दिव्यांगत्व असलेल्यांसाठी १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे. मूल अठरा वर्षांचे झाले की कायदेशीर पालकत्वासाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. याच ट्रस्टची 'निरामय' नावाची एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्यविमा योजना आहे.

इथेच राहणाऱ्यांसाठी असेच काम 'डेप्युटी'च्या नेमणुकीने होते. जे मूल स्वतःचे निर्णय घेऊ शकत नाही, त्याच्या २१ व्या वर्षानंतर आईवडिलांना कोर्टाकडून हा अधिकार घ्यावा लागतो. स्पेड शाळांच्या पालकांसाठी अर्जाची सोपी पद्धत आहे, शाळेत विचारावे. २००९ पासून स्पेशल नीड्स ट्रस्ट कंपनी आहे. तिथे मुलाच्या नावे पैसे ठेवता येतात, आईवडिलांनंतर ते ठरवलेल्या खर्चासाठीच दिले जातात आणि मुलाच्या सवयी, आवडीनिवडी, भीती यांची लेखी नोंदही ठेवली जाते. मृत्युपत्र केले नसेल तर या वर्षी करा. धाकट्या भावंडाला गृहीत धरू नका, त्याला विचारा.

सगळ्यांना नोकरी मिळेल का?

नाही. काही मुलांना आयुष्यभर दुसऱ्याचा हात लागणार आहे आणि त्यात त्यांच्या आईवडिलांचे काही कमी पडले असे मुळीच नाही. स्वावलंबन म्हणजे फक्त पगार नव्हे. जो मुलगा बोलू शकत नाही पण दोन शर्टांतला एक बोटाने निवडतो, तो तेवढा स्वावलंबी झाला. नजर वळवून 'पुरे' सांगणारी मुलगीही झाली. सौम्य अडचण असलेल्या मुलाच्या यशाची गोष्ट ऐकवून तीव्र अडचण असलेल्या मुलाच्या आईला दुखवू नये, एवढे भान आपण सर्वांनी ठेवावे.

ज्यांची बुद्धी उत्तम आहे पण ऐकू येत नाही, दिसत नाही, चालता येत नाही किंवा वाचताना अक्षरे नाचतात, त्यांच्यासाठी इथल्या पॉलिटेक्निक, आय. टी. ई. आणि विद्यापीठांत मदत कक्ष आहेत. त्यांनी आपला कल पाहून विषय निवडावा. "तुला बसून करायचे काम बरे" असे आधीच ठरवून टाकू नये. माझ्याच क्षेत्रात पाहा : व्हीलचेअरवरच्या रसायनशास्त्रज्ञाला उंची कमी-जास्त होणारे टेबल लागते, बहिऱ्याला आवाजाऐवजी लुकलुकणारा दिवा असलेली धोक्याची घंटा लागते. दोन्ही वस्तू बाजारात मिळतात. अडचण वस्तूंची कमी आणि कल्पनेची जास्त असते.

मंडळ काय करू शकते?

मुलाखतीत मालक विचारतात, "आधी कुठे काम केले आहे?" आपल्या मुलांना तो पहिला अनुभव देणे मंडळाला सहज शक्य आहे. गणेशोत्सवात प्रसादाच्या पुड्या भरणे, खुर्च्या मांडणे, तिकिटे फाडणे, चपला नीट लावणे, नाटकाच्या वेळी कार्यक्रमपत्रिका वाटणे, ही खरी कामे आहेत. मात्र ती खऱ्या कामासारखी द्यावीत : वेळ ठरलेली, काम समजावून सांगितलेले, एक माणूस देखरेखीला आणि शेवटी काय केले याचे मंडळाचे पत्र. कौतुक म्हणून स्टेजवर बोलावून टाळ्या वाजवणे पुरे झाले.

यंदा तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, अशा कुटुंबांची दोन महिन्यांतून एकदा बैठक, कोणाच्याही घरी, चहापुरती. दोन, कागदपत्रांत मदत करणारे चार-पाच स्वयंसेवक. एखादे वकील आणि एखादे हिशेब जाणणारे त्यांत असावेत. तीन, ज्यांची स्वतःची ऑफिसे किंवा दुकाने आहेत त्यांनी वर्षातून एका मुलाला दोन आठवडे कामाचा अनुभव द्यावा. मुलाच्या पासवर तशी परवानगी आहे का, हे आधी पाहावे लागेल. ते पाहायचे काम आम्ही करू.

ज्यांच्या घरी असे मूल नाही त्यांनाही एक विनंती. पुढच्या कार्यक्रमात अशा मुलाशी बोलताना त्याच्या आईकडे पाहून "याला काय आवडते?" असे विचारू नका. त्यालाच विचारा आणि उत्तर यायला वेळ लागला तर पाचपर्यंत मोजा.

नावे कार्यकारिणीच्या कोणत्याही सदस्याकडे द्यावीत. कुटुंबाची माहिती बाहेर जाणार नाही. पहिली बैठक गणेशोत्सवाच्या तयारीआधी घ्यायचा विचार आहे, म्हणजे कामांची यादी करताना आपल्या मुलांची नावेही त्या यादीत येतील.